तीन हाका

बाजारात तिला 'कोण-आहे-बाई' म्हणायचे आणि हे तिला ठाऊक होतं. घरात ती बेबी. बावन्न वर्षांची, गुडघे कुरकुरणारी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली बेबी. घरातलं शेंडेफळ एकदा बेबी झालं की मरेपर्यंत बेबीच राहतं, त्याला इलाज नाही. दादाची मुलं तिला बेबीआत्या म्हणत, गिऱ्हाईकं बेबीताई, आणि पाठ फिरली की सगळेच कोण-आहे-बाई.

त्याचं कारण असं. रिकामं घर दाखवून झालं, खिडक्या लावल्या, माणसं बाहेर आली की बेबी दार ओढून घ्यायच्या आधी उंबऱ्यावर उभी राहायची, मान आत घालायची आणि घसा ताणून विचारायची, "कोण आहे आत?" मग एक श्वास थांबायची. पुन्हा विचारायची. असं तीनदा. तिसऱ्या हाकेनंतरही घर गप्प असलं तरच कुलूप. पोरंटोरं कोपऱ्यावरून तिची नक्कल करायची. एखादा वात्रट "मी आहे, चहा ठेवा" असं ओरडायचा. बेबी वळून बघायची नाही. तिचं लक्ष आत असायचं.

ही हाक तिची नव्हती, आजोबांची होती. आजोबांनी घरांची दलाली सुरू केली ती एका जिन्याखाली टेबल टाकून. टेबलाला एकच खण आणि खणात किल्ल्यांचा जुडगा. तोंडाळ पण सरळ माणूस. ओल असेल तर 'ओल आहे' म्हणून सांगायचे, त्यामुळे सौदे कमी व्हायचे आणि घरमालक किल्ल्या जास्त द्यायचे. पुढे जिन्याखालून दुकानात आले, भिंतीवर फळा आला, फळ्यावर चाळीस खुंट्या आल्या. पण त्याआधी, जिन्याखालच्याच काळात, आजोबांनी एका घराला कुलूप घातलं आणि नात्यातल्या लग्नाला परगावी निघून गेले. त्या घराच्या मागच्या खोलीत रंगारी होता. शिडीवर चढून, तोंडाला फडकं बांधून छताला चुना मारत होता. तो आत आहे हे आजोबांच्या डोक्यातूनच गेलं.

तिसऱ्या दिवशी परत आल्यावर दार उघडलं. रंगारी जिवंत होता. गळक्या नळाखाली फडकं धरून चोखत बसला होता. दाराच्या आतल्या अंगाचा रंग कमरेच्या उंचीवर नखांनी निघाला होता. त्यानंतर तो माणूस बंद खोलीत म्हणून बसला नाही. चहाच्या दुकानातसुद्धा उंबऱ्यावर एक पाय बाहेर टाकून बसायचा. आजोबांनी जन्मभर त्यालाच काम दिलं आणि जन्मभर त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

तेव्हापासून शिस्त पडली. तीन हाका, प्रत्येक हाकेनंतर एक श्वास. आत कोणी असेल तर त्यानं 'आहे' म्हणायचं. घरातल्या प्रत्येक पोराला ती पाढ्यांसारखी शिकवली जायची. म्हणजे पोराला रिकाम्या घरात आतल्या खोलीत बसवायचं, मोठ्या माणसानं दारात उभं राहायचं आणि हाक द्यायची. पोरं घाबरून आधीच ओरडायची. त्यावर आजोबांचा धपाटा ठरलेला: आधी हाक, मग उत्तर, हाक आल्याशिवाय आतल्यानं तोंड उघडायचं नाही. आप्पा, म्हणजे बेबीचे वडील, सहा वर्षांचे असताना असे कितीतरी धपाटे खाऊन तयार झाले. पुढे त्यांनी दादाला तयार केलं, मग बेबीला.

बेबीच्या वेळी गडबड झाली. ती आठ वर्षांची. आप्पांनी तिला आत बसवलं, ते दारात आले आणि नेमका घरमालक भेटला. दोघं बोलत बोलत रस्त्याच्या टोकापर्यंत गेले. फार तर वीस मिनिटं गेली असतील. पण खोलीला खिडकी नव्हती, आणि शिकवणी अशी की हाक येईपर्यंत बोलायचं नाही. बेबी बोलली नाही. आप्पा परत आले तेव्हा तिनं 'आहे' म्हटलं, सगळ्यांनी शाबासकी दिली, आणि ती भीती जी आत शिरली ती काही बाहेर निघाली नाही. ती लिफ्टमध्ये चढत नसे. न्हाणीघराची कडी अर्धीच लावत असे. एक स्थळ आलं होतं ते मुलाच्या घराचं दार आतून अडकतं म्हणून हिनं नाकारलं, असं वहिनी रंगवून सांगायची. खरंखोटं बेबीलाच ठाऊक. पण धंद्याला ही भीती फळली. तिनं लावलेलं घर कधी उघडं राहिलं नाही, कधी कुठला नळ वाहिला नाही, आणि हाक चुकली असं तर कधीच झालं नाही.

एकदा सोडून.

त्याआधीच्या दीड वर्षात आप्पा विसरायला लागले होते. सुरुवातीला चष्मा, मग माणसं, मग जेवलो की नाही ते. पण शर्ट रोज धुतलेला, आणि सकाळी दुकान उघडलं की दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसणं चुकत नसे. चपला काढून खुर्चीखाली जोडीनं ठेवायच्या. फळ्यावरच्या किल्ल्या डोळ्यांनी मोजायच्या. आणि मधूनच उठून जवळपासचं एखादं घर उघडं दिसलं की आत जायचं, मोरीतला नळ घट्ट फिरवायचा आणि परत यायचं. ही सवय जुनी. डोक्यातून बाकीचं गेलं तरी हात ती विसरले नव्हते.

त्या दिवशी उन्हाळ्याचा कडाका होता. बेबीला एका पार्टीला दोन घरं दाखवायची होती. पार्टी म्हणजे नवरा-बायको आणि बायकोची आई. कोपऱ्यावरचं पहिलं घर त्यांना पसंत पडल्यात जमा होतं. आईनं तर कपाट कुठं ठेवायचं तेही ठरवलं. मग बाहेर आल्यावर बेबीनं नेहमीप्रमाणे हाका दिल्या. आईचा चेहरा उतरला. आत कोण असणार आहे, असं तिनं विचारलं. बेबीनं सांगितलं की कोणी नाही, आमची पद्धत आहे. आईला ते पटलं नाही. तिनं लेकीला बाजूला घेतलं आणि या घरात काहीतरी आहे, नाहीतर बाई अशा ओरडल्या नसत्या, असं तिच्या डोक्यात भरलं. जावई हसला, पण घर गेलं.

दुसरं घर दुकानापासून चाळीस पावलांवर. चार खोल्या एकामागे एक, म्हणून त्याला सगळे लांबडं घर म्हणत. मालक परदेशी, पाणी तोडलेलं, खिडक्यांना जाड फळ्या. बेबीनं पार्टीला गच्चीवर नेलं. गच्ची आवडली. खाली उतरताना सासू-जावयाची चेष्टा चालली होती: इथं बाई कुणाला हाक मारतात बघू. बेबीच्या मनात आलं, एक दिवस, एकच. तिनं दार ओढलं, कुलूप घातलं आणि त्यांच्याबरोबर हसतसुद्धा निघाली. किल्ली येऊन खुंटीला लावली. खुर्ची रिकामी होती ते तिनं पाहिलं, पण आप्पा दादाबरोबर गेले असतील असं तिला वाटलं.

दादा अकरालाच नोंदणीच्या कचेरीत गेला होता. जाताना शेजारच्या शिंप्याला आप्पांवर नजर ठेवायला सांगून गेला. शिंप्यानं नजर ठेवलीही, काज करायला घेईपर्यंत.

एक वाजता वहिनी आप्पांचा डबा घेऊन आली, आणि मग सगळं उघडकीला आलं. खुर्ची रिकामी. खुर्चीखाली चपला, जोडीनं ठेवलेल्या. म्हणजे माणूस अनवाणी गेला होता, आणि बाहेर डांबर पायाला चिकटत होतं.

दादाला बोलावलं. तो धावत आला, धापा टाकत, शर्ट पाठीला चिकटलेला. शिंपी रडकुंडीला येऊन आपली बाजू सांगत होता, पण दादा त्याला काहीच बोलला नाही. तो स्वतःलाच बोलत होता. मी टाकून गेलो, माझी चूक, मी टाकून गेलो. मग एकदम थांबून त्यानं बेबीकडे पाहिलं.

"तू दोन्ही घरांना हाक दिलीस ना?"

या घरात हा प्रश्न म्हणजे श्वास घेतलास ना असं विचारण्यासारखा. उत्तर बेबीच्या तोंडातून तिच्या आधीच बाहेर पडलं.

"दिली की."

दादानं मान हलवली. त्याच्या डोक्यातून घरांचा विषय तिथंच संपला. तो रस्त्याला लागला आणि बेबी त्याच्या मागोमाग.

न्हाव्याकडे नव्हते. बस थांब्यावर नव्हते. दवाखान्यात एक म्हातारा आणून ठेवला होता, तो दुसराच निघाला. त्याची चादर बाजूला करेपर्यंत दादानं बेबीचा दंड असा धरला होता की बोटांचे वळ उठले. पोलीस ठाण्यात अंगावरच्या खुणा विचारल्या. दादा सांगू लागला, उजव्या भुवईत कापल्याची खूण, आणि स्वतःच्या भुवईवर बोट ठेवून तिथंच अडला. तेव्हा पुढचं बेबीनं सांगितलं. तिचा आवाज सरळ होता, त्याची तिलाच धास्ती वाटली.

 दीड वाजल्यापासून ती स्वतःला समजावत होती. मी गच्चीवर होते तेवढ्यात ते आत आले असतील, असं कशाला होईल? आले असते तर जिन्यावरून दिसले असते. (जिना पहिल्या खोलीत उतरतो आणि मोरी चौथ्या खोलीत आहे, हे तिला पाठ होतं.) कोंडले गेले असते तर दार वाजवलं असतं, आणि शेजार काय बहिरा आहे? मग दुसरा विचार यायचा. खिडक्यांना फळ्या आहेत. पाणी तोडलेलं आहे. अठ्ठ्याहत्तर वय आहे. आणि तिसरा विचार यायचा, तो सगळ्यांत घाणेरडा: आता सांगितलं तर दुपारपासून का नाही सांगितलंस असं विचारतील.

चार वाजता तिनं दादाला सांगितलं की दुकानात बघून येते. दुकानात वहिनी फळ्याखाली बसून होती, किल्ली काढली असती तर दिसलं असतं. बेबी पाणी पिऊन बाहेर पडली आणि लांबड्या घराशी गेली. पायरीवर उभी राहिली. रस्त्यावर इस्त्रीवाला होता, समोरच्या खिडकीत एक बाई कपडे वाळत घालत होती. बेबीनं दाराला कान लावला. दाराचा पत्रा कानाला पोळला. तिनं हळूच, अगदी ओठांतल्या ओठांत, हाक मारली.

"आप्पा... आप्पा, आहात का?"

आतून काही नाही. तिनं पुन्हा तेच केलं. काही नाही.  नाहीत. इथं नाहीत. देव पावला असं तिला वाटलं, आणि त्याच दमात हेही कळलं की बाप सापडला नाही म्हणून आपल्याला बरं वाटतं आहे. ती तिथून जवळजवळ पळाली.

सहाच्या सुमाराला पोलिसांनी निरोप दिला. गावाबाहेरच्या खाणीच्या डबक्याकडे एक म्हातारा अनवाणी जाताना कुणीतरी पाहिला होता. उजेड आहे तोवर डबक्यात माणसं उतरवतो, घरच्यांनी ओळख पटवायला यावं. दादा दुकानाच्या पायरीवर बसला तो उठेचना. पन्नाशी उलटलेला माणूस, दोन्ही हात डोक्यावर. मी टाकून गेलो, एवढंच. शिंपी मशीन बंद करून उभा होता, तोही तेच पुटपुटत होता. दोघं माणसं बेबीची चूक आपसांत वाटून घेत होती, आणि ती बघत उभी होती.

वहिनी धीर द्यायला म्हणाली, एक बरं आहे, सगळ्या किल्ल्या फळ्यावर आहेत. म्हणजे आप्पा कुठलं घर उघडून आत पडलेले नाहीत.

बेबीनं फळ्याकडे पाहिलं. लांबड्या घराची किल्ली दुसऱ्या ओळीत, तिनंच अकरा-चाळीसला लावलेली. सगळ्या किल्ल्या जागेवर. आप्पा आत असतील तर त्यांना कुलूप घालून किल्ली कुणीतरी इथं आणून लावलीच असणार. तिला उगाच रंगाऱ्यानं नखांनी काढलेला दाराच्या आतल्या बाजूचा रंग आठवला. तिनं तो कधी पाहिला नव्हता. ऐकला होता फक्त.

"दादा," ती म्हणाली, "लांबड्या घराला मी हाक दिली नाही."

दादानं डोक्यावरचे हात खाली घेतले. तिला वाटलं, आता हा मारणार. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला, किल्ली खुंटीवरून काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"तू उघड."

चाळीस पावलं. मागून दादा, त्याच्या मागे वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन, तिच्या मागे शिंपी गळ्यात टेप तसाच.  कुलूप गरम होतं. दार उघडल्यावर आतून कोंडलेल्या उन्हाचा भपका तोंडावर आला. आत अंधार, फळ्यांच्या फटीतून उन्हाच्या दोन काड्या आडव्या पडलेल्या. दादा आत घुसणार एवढ्यात बेबीनं हात आडवा धरला. का, ते तिला सांगता आलं नसतं. कदाचित आत जाऊन बघायची तिची छातीच नव्हती.

"कोण आहे आत?"

एक श्वास.

"कोण आहे आत?"

मागे तांब्यातलं पाणी हिंदकळत होतं, तेवढाच आवाज. दुसरा श्वास तिला घेता येईना, तरी घेतला. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज फाटला.

"कोण आहे आत?"

"आहे."

आवाज कोरडा, बारीक, चौथ्या खोलीतून. पोरानं द्यावा तसा. दादा तिला बाजूला सारून धावला.

आप्पा मोरीजवळ भिंतीला पाठ लावून बसले होते. ताठ, मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर. ओठ फुटले होते. शर्टाला घामाचे पांढरे डाग पडले होते. नखं शाबूत होती. बेबीनं आधी ती बघितली. दार वाजवायला ते उठलेच नव्हते. नळ फिरवून झाल्यावर कुलपाचा आवाज आला, तसे जिथे होते तिथे बसले, शिकवलं होतं तसे. वहिनीनं तांब्या ओठांना लावला. अर्धं पाणी गळ्यावरून गेलं. घोट घेऊन आप्पांनी दादाकडे बघितलं, आणि ते त्याला नक्की कोण समजत होते कोण जाणे, पण रुसून म्हणाले,

"हाकेला इतका वेळ लावतात का?"

दादानं त्यांचं डोकं छातीशी धरलं. चुकलं म्हणाला. आप्पा त्याच्या कुशीतून बोलतच होते. मी अजिबात आवाज केला नाही. मध्ये कुणीतरी दाराशी येऊन हळूच आप्पा, आप्पा करत होतं. मी गप्प बसलो. ती काही हाक नव्हे.

एवढं बोलून त्यांनी शाबासकीसाठी वर बघितलं. दादानंही वर बघितलं, बेबीकडे. वहिनीची पाठ होती, शिंप्याला अर्थ लागला नाही. कळलं ते फक्त त्या दोघांना.

आप्पांना तीन दिवस सलाईन लावली. चौथ्या दिवशी ते घरी आले ते सगळं विसरून. पुढच्या आठवड्यापासून पुन्हा खुर्चीत बसू लागले, पुन्हा चपला जोडीनं. बाजारात लोकांनी दोन-चार दिवस चर्चा केली आणि सोडून दिली. पोरांनी नक्कल मात्र बंद केली, कुणी सांगितलं नसताना. दादा बेबीला त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलला नाही. जेवताना वाढ म्हणतो, पंखा लाव म्हणतो, नव्या पार्टीचं बोलतो. वहिनीला वाटतं, भाऊ असावा तर असा.

लांबडं घर त्याच पार्टीनं घेतलं. सासूला ते शांत वाटलं.

बेबी अजून घरं दाखवते. हाका देते, पूर्वीपेक्षा मोठ्यानं, समोर पार्टी कोणीही असो. कुलूप घालते, दोनदा ओढून बघते, किल्ली आणून खुंटीला लावते. किल्लीला पत्र्याचा बिल्ला असतो, त्यावर घराचा आकडा. बेबी तो नेहमी आकडा बाहेर ठेवून लावते. दादाला ते कधी जमलं नाही, त्याचा बिल्ला भिंतीकडे तोंड करून असतो.

संध्याकाळी बेबी आप्पांना घेऊन घरी जाते. दुकान दादा बंद करतो. सकाळी ती येऊन पडदा सारते, दिवा लावते आणि पहिल्यांदा फळ्याकडे बघते. आदल्या दिवशी तिनं बंद केलेल्या घरांच्या किल्ल्या तेवढ्या उलट्या असतात. एखादी नव्हे, सगळ्या. म्हणजे दुकान बंद केल्यावर कोणीतरी त्या घरांपर्यंत जाऊन, कुलूप काढून, उंबऱ्यावर उभं राहून पुन्हा विचारून आलेलं असतं.

ती एकेक किल्ली काढते, सुलटी करते आणि मग आप्पांची खुर्ची दारापाशी सरकवते.